क्लिकरवाली टार्गेट काठी : हाताला बिचकणाऱ्या पक्ष्यासाठी

आमच्याकडे आलेली कॉकाटिएल (तुरेवाला छोटा पोपट) 'हात म्हणजे संकट' हे आधीच्या घरातून शिकूनच आली होती. पिंजऱ्याजवळ हात गेला की तुरा डोक्याला चिकटवून फिस्कारायची. म्हणून ही काठी घेतली. मुठीतच क्लिकर (दाबला की 'टक्' वाजून पक्ष्याला 'बरोबर केलंस' ही खूण देणारं बटण) आहे आणि लांबी अँटेनासारखी कमीजास्त होते. पैसे वसूल होतात ते इथेच. सुरुवातीला काठी पूर्ण लांब करून टोक गजांपाशी धरायचं, पक्ष्यानं चोच लावली की क्लिक, आणि लगेच राळ्याच्या कणसाचा तुकडा. भीती ओसरेल तशी काठी आखूड करत जायची. जबरदस्ती न करता हात जवळ येत जातो.

आता तक्रारी. क्लिकरचा आवाज भित्र्या पक्ष्यासाठी फारच खणखणीत. पहिल्याच 'टक्'ला बाईसाहेब थेट वरच्या दांडीवर! मुठीवर जुना मोजा चढवला, तेव्हा कुठे जमलं. टोकाचा मणी रंगवलेला आहे, आणि पोपटाची जात कुरतडणार म्हणजे कुरतडणारच. रंगाचे पोपडे निघायला लागल्यावर मी तिथे साधा लाकडी मणी बसवला. पक्ष्यांसाठी म्हणून विकता, तर एवढं तरी बघा की!

माहितीपत्रकातलं 'आठवड्यात पोपट हातावर' विसरा. आमची अजून हातावर येत नाही, पण दारापाशी येऊन माझ्या हातातलं कणीस खाते, तेही तुरा निवांत अर्धा वर ठेवून. पाचपैकी साडेतीन तारे. मणी बदलला तर चार देईन.