नागपूरच्या कन्सल्टंटकडून निचरा प्रोजेक्टचा पर्यावरण अभ्यास – ४ स्टार
आमच्या पाणी वापर संस्थेनं मौद्याकडच्या पेंच कालव्याखालच्या चिबड (पाणी साचून खराब झालेल्या) जमिनीसाठी चर खोदायचं ठरवलं, त्याआधी पर्यावरणावर काय परिणाम होईल हे तपासायला नागपूरच्या एका छोट्या ऑफिसला काम दिलं. फील्डवर्क मस्त केलं भाऊ, मानलं. नुसते फोटो काढून नाही गेले, शेतात नळ्या बसवून भूजल पातळी पावसाळ्याआधी आणि नंतर दोन्ही वेळा मोजली, मातीचा ईसी, म्हणजे क्षार किती ते दाखवणारी विद्युत वाहकता, काढला (४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेला की जमीन खारवट), आणि काळ्या मातीतून पाणी किती हळू झिरपतं ते आमच्यासमोर करून दाखवलं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चरातलं पाणी जाणार कुठं हे त्यांनी विचारलं, जे आम्ही कोणी विचारलंच नव्हतं. नाल्यातून कन्हान, तिथून वैनगंगा आणि पुढं गोसीखुर्द धरण. म्हणजे आपल्या शेतातला क्षार आणि युरिया खालच्या गावांच्या पाण्यात, जिथं नाग नदीतून नागपूरचं सांडपाणी आधीच जातंय. म्हणून चराच्या तोंडाशी गवताचा पट्टा आणि छोटं तळं सुचवलं, कालव्याची गळती आधी थांबवा म्हणजे चर कमी लागतील हेही स्पष्ट सांगितलं.

एक स्टार कापला कारण रिपोर्ट पूर्ण इंग्रजीत, शेतकऱ्यानं वाचायचा कसा? आणि मासेमारी करणाऱ्यांशी कोणी बोललंच नाही, नाल्यावर पोट त्यांचंच आहे ना. काम देताना मराठी सारांश आणि खालच्या गावात बैठक, दोन्ही करारात लिहून घ्या.