स्प्रेसाठी घरचं स्टेन्सिल: पुठ्ठा, एक्स-रे की रेडियम?

सोसायटीत पार्किंगच्या खांबांवर नंबर मारायचे होते, पेंटरचा भाव ऐकून सगळी कमिटी माझ्याकडे बघायला लागली (मीच मागच्या मीटिंगला "घरी होईल की" बोलून बसलो होतो), त्या नादात तिन्ही प्रकार वापरून झाले. म्हणून लिहितोय. कुठलं स्टेन्सिल चांगलं असं विचारू नका, आधी किती वेळा मारायचंय आणि कशावर मारायचंय ते ठरवा.

एक-दोनदाच मारायचं असेल तर पुठ्ठा. नव्या शर्टाच्या आत येतो तो, नाहीतर लग्नपत्रिकेचा जाड कागद, साध्या कटरने लोण्यासारखा कापला जातो. पण पुठ्ठा रंग पितो, तीन-चार वेळा मारलं की मऊ पडतो, कड वर उचलली जाते आणि तिथूनच रंग आत शिरतो. कापायच्या आधी दोन्ही बाजूंनी पॅकिंगची टेप लावून घ्या, बराच जास्त टिकतो. खोक्याचा नालीदार पुठ्ठा मात्र नको, कापताना कड फाटते आणि जाडीमुळे कॅन जरा तिरका झाला की एका बाजूला रंग पोचतच नाही.

माझं मत विचाराल तर एक्स-रे. घरोघरी जुन्या फिल्मचं पाकीट पडलेलं असतंच, फक्त डॉक्टरांना परत लागणार नाही ना ते विचारून घ्या, मी आईच्या गुडघ्यावर आठ नंबर कापला आणि आठवडाभर ऐकून घेतलं. ही फिल्म पॉलिस्टरची असते, थिनरने तिला काही होत नाही, त्यामुळे चोवीस खांब एकाच संचात झाले, मध्ये मध्ये नुसती पुसून घेतली. पुसायचा कंटाळा करू नका, कडेवर रंगाचे थर साचले की आकडा हळूहळू बारीक होत जातो. कापायला मात्र चिवट. नवीन ब्लेड घ्या आणि हलक्या हाताने त्याच रेघेवरून दोन-तीनदा फिरवा, एका दमात दाबून कापायला गेलात की ब्लेड सटकतं आणि मग आकडाही गेला आणि बोटही. फिल्म काळी असल्याने खालचं काही दिसत नाही, म्हणून प्रिंट वरून चिकटवून दोन्ही एकत्रच कापायचं. ओएचपी शीट (ओव्हरहेड प्रोजेक्टरवर वापरायची ती प्लॅस्टिकची शीट) पारदर्शक असते, ट्रेस करायला बरी, पण पातळ, स्प्रेच्या हवेने फडफडते.

तिसरा म्हणजे नंबर प्लेटवाल्या रेडियमवाल्याकडून स्टिकर कापून घ्यायचा आणि अक्षर काढून टाकून बाहेरचा भाग वापरायचा. कड एकदम धारदार येते, गोल पाण्याच्या टाकीवर किंवा हेल्मेटवर याला तोड नाही. पण एका स्टिकरचं एकच काम, आणि डिस्टेंपरच्या भिंतीवर लावाल तर काढताना भिंतीचाच रंग घेऊन येतो, आमच्या गेटशेजारी तो डाग अजून आहे.

आता खरी गोची. इंग्रजी शून्य, चार, सहा, आठ, नऊ यांच्या पोटातला तुकडा कापला की खाली पडतो, तो धरून ठेवायला बारीक पट्ट्या सोडाव्या लागतात हे बहुतेकांना माहीत असतं. मराठीत हे दुखणं जास्त, कारण शिरोरेघ. "प्रवेश बंद" लिहून बघा, प चं पोट वरच्या रेघेने बंद होतं, व ची गाठ बंद, ब मध्ये तर तिरकी रेघ असल्याने दोन तुकडे सुटे. प साठी मी शिरोरेघच मध्ये तोडतो, लांबून कोणाला कळतही नाही, व आणि ब च्या गोलात उभी पट्टी ठेवायची. पुठ्ठ्यात पट्टी चांगली रुंद ठेवा, चार-पाच मिलिमीटर, फिल्ममध्ये त्याच्या निम्मी चालते. रेडियममध्ये ही भानगडच नाही, पोटातला तुकडा स्वतःच चिकटून बसतो, त्यामुळे नक्षीदार मराठी अक्षरं हवी असतील आणि एकदाच मारायची असतील तर सरळ तिकडे जा.

मारताना तिन्हींना नियम एकच. कॅन वीतभर लांब, नेम सरळ समोरून, आणि एका जागी न थांबता पातळ हात, दोन-तीन वेळा. रंग खाली पाझरतो तो बहुतेक वेळा स्टेन्सिलमुळे नाही तर घाईत जाड हात मारल्यामुळे. आजूबाजूला हातभर पेपर लावा, नाहीतर शेजारच्याची गाडी ठिपकेदार होईल. पावसाळी दमट हवेत काही रंग पांढुरके पडतात, गणपतीचं काम असेल तर उघडीप बघून मारा. आणि घरात जुना थर्माकोलचा मखर पडला असेल तर त्यावर साधा स्प्रे मारून बघायचा मोह नको, त्यातलं थिनर थर्माकोल खातं, स्टेन्सिल कितीही भारी असलं तरी खाली नुसते खड्डे उरतात.