'७७७ चार्ली' की 'स्वाती मुत्तिन मळे हनिये': आज रात्री कुठला लावावा?

दुःख, एकटेपणा आणि त्यातून सावरणं या विषयावरचा कन्नड सिनेमा सुचवा म्हटलं की दोन नावं हमखास पुढे येतात. एक किरणराज के. यांचा '७७७ चार्ली' (२०२२), दुसरा राज बी. शेट्टी यांचा 'स्वाती मुत्तिन मळे हनिये' (२०२३). सुचवणारा बहुधा 'दोन्ही बघा, दोन्ही मस्त आहेत' म्हणून मोकळा होतो. पण हातात एकच रात्र असते, आणि कधीकधी सिनेमा निवडणाऱ्याच्या घरात नुकतंच कुणीतरी गेलेलं असतं. अशा वेळी निवड चुकली तर मधेच टीव्ही बंद करून उठावं लागतं.

निवडताना मी आधी एकच गोष्ट विचारतो: दुःख किती जुनं आहे?

'चार्ली'तल्या धर्माचं फार जुनं आहे. घरची माणसं लहानपणीच अपघातात गेली. तेव्हापासून कारखान्यातली नोकरी, गाड्यावरची इडली, बिअर, सिगारेट आणि टीव्हीवर चॅप्लिन, एवढ्यावर त्याचा दिवस संपतो. शेजारपाजारची पोरं त्याला टरकून असतात. धर्माचं काम करणाऱ्या रक्षित शेट्टीनं हा माणूस हट्टानं नकोसा केलाय, आणि ते बरंच झालं. पहिल्या वीस मिनिटांतच त्याची दया आली असती तर पुढचं सगळं फुकट गेलं असतं. मग बेकायदा प्रजननाच्या धंद्यातून पळालेली एक लॅब्रॅडॉर कुत्री त्याच्या दारात येते. तो तिला हाकलतो आणि ती पुन्हा येते. पुढे काय होणार हे सगळ्यांना कळतं, तरीही बघायला मजा येते, कारण कुत्रीचा अभिनय (दुसरा शब्द नाही) खरोखर अचाट आहे.

मध्यंतराच्या सुमारास कळतं की तिला कर्करोग आहे. हे सांगून मी काही फोडत नाहीये, सिनेमाची सगळी गाडी त्यावरच पुढे जाते. टीव्हीवर बर्फ दिसला की चार्ली हरखते, म्हणून धर्मा तिला साइडकार लावलेल्या मोटारसायकलवरून म्हैसूरहून हिमालयाकडे घेऊन निघतो. या प्रवासात सिनेमा लांबतो. एकूण लांबी पावणेतीन तासांच्या आसपास आहे आणि त्यातली निदान वीस मिनिटं कापता आली असती. वाटेत भेटणारी काही माणसं फक्त धर्माला शहाणपण शिकवण्यासाठी उभी केल्यासारखी वाटतात. गाणी जरा जास्तच वेळा मदतीला येतात. शेवटाकडे तर दिग्दर्शक तुमची मानगूट धरून रडवतो, आणि आपण रडतो. तेव्हाचे कर्नाटकचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई हा सिनेमा पाहून सगळ्यांसमोर रडले होते. त्यांचं स्वतःचं कुत्रं आदल्याच वर्षी गेलं होतं. राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट कन्नड चित्रपटाचा मानही 'चार्ली'ला मिळाला.

'स्वाती...' याच्या अगदी उलट्या वाटेनं जातो. डोंगरातल्या एका हॉस्पिसमध्ये, म्हणजे जिथे बरं करण्याचे उपाय संपलेले रुग्ण शेवटचे दिवस काढतात तिथे, प्रेरणा समुपदेशक आहे. सिरी रविकुमारनं ती उभी केलीय. रोज मरणाऱ्या माणसांशी नीट, शांतपणे बोलायचं हे तिचं काम, आणि ते ती चांगलं करते. घरी नवऱ्याचं बाहेर प्रकरण चाललंय हे तिला समजतं, तरी ती फारशी हलत नाही. तिचं कुणी गेलेलं नाही. आतलंच काहीतरी कधीतरी विझलंय आणि तिला स्वतःला त्याचा पत्ता नाही. मग अनिकेत नावाचा रुग्ण दाखल होतो आणि समुपदेशनाला चक्क नकार देतो. इथून दोघांमध्ये जे घडतं त्याला प्रेम म्हणावं की आणखी काही, हा प्रश्न सिनेमा उघडाच ठेवतो.

अनिकेतचं काम राज बी. शेट्टी यांनी स्वतःच केलंय. गंमत म्हणजे 'चार्ली'त हेच गृहस्थ प्राण्यांचे डॉक्टर आहेत, आणि तिथल्या बऱ्याचशा हशा त्यांच्याच वाट्याच्या. ज्यांनी त्यांचा 'गरुड गमन वृषभ वाहन' (२०२१) पाहिलाय त्यांना तर त्याचा आणि 'स्वाती...'चा दिग्दर्शक एकच आहे हे पटायला वेळ लागेल. तिथे रक्त आणि कोयते, इथे धुकं, लांब पायवाट आणि दोन वाक्यांमधली शांतता. मिधुन मुकुंदन यांचं संगीतही दबक्या पावलानं येतं. लांबी पावणेदोन तासांच्या आसपास.

दोष इथेही आहेत. अनिकेतच्या तोंडी काही वाक्यं अशी येतात की माणूस बोलतोय की वहीतून वाचतोय, असा संशय यावा. नवऱ्याच्या पात्राकडे लेखकानं पुरेसं पाहिलेलं नाही, तो फक्त प्रेरणाच्या संसारातली पोकळी दाखवण्यापुरता आहे. आणि हा सिनेमा संथ आहे. मला तो संथपणा आवडला, पण जेवतानाच्या वेळी लावला तर पंधराव्या मिनिटाला घरातलं कुणीतरी हमखास मोबाईल काढेल.

हॉस्पिस ही जागा आपल्याकडे अजून अनेकांना अनोळखी आहे. खरं तर भारतातलं पहिलं हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ साली मुंबईत वांद्र्यालाच सुरू झालं. तरी 'आता काही करता येणार नाही' असं डॉक्टरांनी सांगितल्यावर काय करायचं असतं, याबद्दल घराघरांत बोलणं होत नाही. 'स्वाती...'चं मोठेपण मला इथे वाटतं. जाणाऱ्या माणसाला बरं करायची धडपड नाही आणि त्याला खोटा धीर द्यायचीही नाही. त्याच्याशी हवा, फुलं, झोप अशा साध्या विषयांवर बोलता येतं, एवढंच तो दाखवतो. 'चार्ली'त मात्र प्रत्येक गोष्टीला उत्तर आहे: एकटा आहेस तर जीव लाव, आजार आहे तर बर्फ दाखव. ते खोटं नाही, पण सोपं आहे.

मग कुणी कुठला पाहावा?

दुःख जुनं असेल, वर्षानुवर्षं त्यावर कुणी बोललेलं नसेल, घरात वडील किंवा काका असे असतील की ज्यांना रडताना कुणीच पाहिलेलं नाही, तर 'चार्ली' लावा. कुत्र्यासाठी रडायला माणसाला लाज वाटत नाही, आणि एकदा बांध फुटला की बाकीचंही त्यातून वाहून जातं. सगळ्या कुटुंबानं मिळून पाहण्यासारखा हाच आहे. अपवाद एकच: घरातलं कुत्रं अलीकडेच गेलं असेल तर हात लावू नका. आणि पोरं लहान असतील तर शेवटी त्यांच्याजवळ बसा. आणखी एक, पाहून झाल्यावर पोरं कुत्रं मागतील. विकत घेण्यापेक्षा दत्तक घ्या, हा सिनेमाचाच सल्ला आहे. जवळच्या नात्यातल्या प्रजननातून आलेली दुखणी चार्लीच्या वाट्याला आलेली असतात.

दुःख ताजं असेल, किंवा दुःखाला नावच देता येत नसेल, नुसतं सगळं सपाट झालं असेल, तर 'स्वाती...'. तो रडायला लावत नाही, नुसता शेजारी बसतो. कुणाची आजारपणात दीर्घ सेवा केलेल्या, त्यातच स्वतः रिकाम्या झालेल्या बाईला मी डोळे मिटून हाच सुचवेन. पण ते आजारपण नुकतंच संपलं असेल, खाट अजून हलवलेली नसेल, तर सहा महिने थांबा. पांढऱ्या चादरी आणि सलाईनच्या नळ्या फार ओळखीच्या वाटतील.

आणि दोन्ही पाहिलेल्यांसाठी तिसरं नाव: सुमंत भट यांचा 'मिथ्या'. मुंबईच्या मामी चित्रपट महोत्सवात २०२३ मध्ये दाखवला गेला, चित्रपटगृहात २०२५ च्या मार्चमध्ये आला. आईबाप गमावलेला अकरा वर्षांचा मुलगा मुंबईहून उडुपीकडे नातेवाइकांच्या घरी येतो. मोठी माणसं कुजबुजतात, तो ऐकतो आणि सायकल काढून निघून जातो. आतिश शेट्टी या मुलानं जे केलंय ते वरच्या दोन्ही सिनेमांतल्या नामवंतांना जड जाईल. तिघांत सिनेमा म्हणून मला हाच सरस वाटतो, आणि तरीही 'आज काहीतरी बघू' म्हणणाऱ्याला मी तो सुचवणार नाही. तो सावरण्याचं आश्वासन देत नाही. हा एकट्यानं, दिवसाउजेडी पाहण्याचा सिनेमा आहे.

भाषेचं म्हणाल तर 'चार्ली' कन्नडबरोबर हिंदी, तमिळ, तेलुगू आणि मल्याळममध्येही आला होता, त्यामुळे सबटायटल वाचायचा कंटाळा असणाऱ्यांची सोय आहे. हिंदीत फारसं बिघडत नाही, कारण निम्मं काम कुत्रीच करते. 'स्वाती...' मात्र कन्नडमध्येच पाहा. सिरी रविकुमारचा आवाज सिनेमाच्या पूर्वार्धात जितका कोरडा आहे तितका उत्तरार्धात राहत नाही, आणि हा फरक शब्द न कळताही कानाला कळतो.