पत्र्याखालची फॉइल-फोम शीट : स्वतः बसवून घेतलेला अनुभव

विदर्भातल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली राहणाऱ्याला सर्वांत जास्त छळते ती डोक्यावरून अंगावर येणारी झळ. मे महिन्यात भर दुपारी पत्रा ६० अंश सेल्सिअसच्या वर सहज तापतो आणि पंखा वरची गरम हवाच खाली ढकलत राहतो. यावर उपाय म्हणून आम्ही नागपूरच्या घरातील माडीवरच्या खोलीला दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम फॉइल असलेली, १० मिलिमीटर जाडीची एक्सएलपीई (पॉलिइथिलीन या प्लास्टिकचा एक प्रकार) फोमची शीट घरच्या घरी बसवली. एक उन्हाळा आणि एक पावसाळा तिच्याखाली काढल्यावर ती घेण्यासारखी आहे, असे मी निःसंकोच सांगेन. मात्र ती कशी बसवली जाते यावर बहुतेक सारे अवलंबून आहे.

फोममधली बंदिस्त हवा उष्णता अडवते हे खरे, पण एवढ्या कमी जाडीत तिचा आधार बेताचाच असतो. मोठे काम फॉइल करते, कारण चकचकीत ॲल्युमिनियम तापले तरी त्यातून उष्णतेचे प्रारण (किरणांच्या रूपाने बाहेर पडणे) फारच थोडे होते. त्यासाठी फॉइलसमोर हवेची पोकळी मोकळी असावी लागते. म्हणूनच शीट पत्र्याला थेट चिकटवण्यापेक्षा साधारण एक इंच खाली ताणून बसवणे अधिक हिताचे. वरच्या फॉइलवर पुढे धूळ साचून तिचा गुण कमी होतो, खालची बाजू मात्र स्वच्छ राहते. त्यामुळे एकाच बाजूला फॉइल असलेली शीट घेतल्यास ती बाजू खोलीकडे ठेवावी.

विक्रेत्याने मागे गोंद लावलेली शीट नुसती चिकटवण्याचा सल्ला दिला होता. नालीदार पत्र्याला शीट फक्त उंचवट्यांवर टेकते आणि उन्हात गोंद मऊ पडतो, हे लक्षात घेऊन आम्ही तो मानला नाही. आडव्या लोखंडी पाइपांच्या खालून जस्ताचा मुलामा दिलेली तार आडवी-उभी ओढून तिच्यावर शीट ठेवली, सांधे एकमेकांवर थोडे चढवून फॉइलच्या टेपने बंद केले आणि भिंतीलगतच्या कडाही तशाच बंद केल्या. फॉइलमधून वीज वाहते, त्यामुळे कामाआधी मेन स्विच बंद करणे आणि उघड्या वायरी पाइपात घालून घेणे अत्यावश्यक आहे. काम पहाटे करावे. नऊनंतर पत्र्याखाली उभे राहवत नाही.

फरक तळहाताला कळतो. एका कोपऱ्यात टेप लावायची राहिलेली फट होती. दुपारी तिच्याखाली हात धरला की चटका जाणवे आणि वीतभर सरकवला की तो थांबे. पावसाचा पत्र्यावरचा ताडताड आवाजही बराच मंदावला. तापलेल्या विटांच्या भिंतींतून येणाऱ्या उकाड्यावर मात्र तिचा काहीच इलाज नाही, म्हणून पश्चिमेकडील भिंतीला सावली करावी लागतेच.

हा फोम ज्वलनशील असल्याने चूल किंवा गॅसच्या वर तो लावू नये. तिथे रॉकवूल (दगड वितळवून केलेली, न जळणारी तंतूंची लोकर) वापरावे, आणि ते हाताळताना हातमोजे व मास्क घालावेत.