घर आणि खाली दुकान: गुंठेवारी की एनए प्लॉट?

छत्रपती संभाजीनगरात वाळूज, पडेगाव, बीड बायपास, सगळीकडे हाच पेच: गुंठेवारी, म्हणजे शेतजमिनीचे मंजुरीशिवाय पाडलेले छोटे तुकडे, की एनए, म्हणजे बिगरशेती मंजुरीचा प्लॉट? वीस बाय तीसचा प्लॉट, खाली दुकान, वर संसार. गुंठेवारीत तो निम्म्या पैशात मिळतो, असं एजंट सांगतो. ते बाजूला ठेवा.

आधी कागद. गुंठेवारीचा व्यवहार बहुतेक वेळा नुसत्या बाँडपेपरवर होतो. तो ताबा दाखवतो, मालकी नाही. सातबाऱ्यावर नाव मूळ शेतकऱ्याचंच राहतं आणि पुढे त्याचे वारस दारात उभे राहतात. 2001 च्या गुंठेवारी कायद्याची मुदत 2021 मध्ये वाढवून 31 डिसेंबर 2020 पर्यंत नेली. प्लॉट त्याआधीचा असेल तर नियमितीकरणाची, म्हणजे शुल्क भरून तो अधिकृत करून घेण्याची वाट आहे, पण शुल्क तुमच्या खिशातून. विकास आराखड्याचा भाग-नकाशा काढून गट नंबर बघा. सार्वजनिक कामासाठी आरक्षण किंवा रस्ता पडला असेल तर तिथेच थांबा.

एनए प्लॉटला मंजूर लेआउट, रजिस्ट्री, म्हणून बँकेचं कर्ज. गुंठेवारीत पतसंस्था, आणि तिचं व्याज महाग.

पाणी? शहराचं जायकवाडीचं पाणी दोन्हीकडे रोज नसतंच. टाकी मोठी बांधा.

धंद्याचं मात्र उलटं आहे. जुन्या गुंठेवारी वस्तीत गिऱ्हाईक तयार असतं; नव्या लेआउटमध्ये किराणा दुकान पहिली काही वर्षं माश्या मारतं.

हातात रोकड, वस्ती जुनी आणि नियमितीकरणाचं प्रमाणपत्र मिळालेलं असेल तर गुंठेवारी चालेल. कर्ज काढणार असाल किंवा पुढे विकायचं असेल तर एनएच घ्या. लेआउटमध्ये वस्ती होईपर्यंत दुकान भाड्याच्या गाळ्यात चालवा.