स्टीव्हिया: पान बरं की पांढरी पूड?

साखर कमी करायचं ठरलं की बरेच जण फिरून फिरून स्टीव्हिया या गोड पानांच्या झुडपापाशी येतात. उष्मांक जवळपास नाहीत, रक्तातली साखर चढत नाही, हे एव्हाना सगळ्यांना पाठ आहे. अडतं ते त्याच्या पुढे: वाळवलेलं पान वापरायचं की त्यातला अर्क काढून केलेली पांढरी पूड? मी आठेक महिने पूड वापरली आणि नंतर पानांवर आलो, तो अजून पानांवरच आहे. म्हणजे कल कुठे आहे हे लपवण्यात अर्थ नाही. तरी पुडीचं कौतुक आधी करतो, कारण तिचं पारडं वाटतं तितकं हलकं नाही.

चवीत पूड सरस आहे. पानातल्या गोडीचे मुख्य मानकरी दोन, स्टीव्हिओसाइड आणि रिबॉडिओसाइड ए. पहिल्याच्या मागे एक कडवट, ज्येष्ठमधासारखी चव रेंगाळते. दुसरा बराच सौम्य. चांगल्या पुडीत हा दुसराच भरपूर असतो. पान मात्र दोन्ही घेऊन येतं, वर स्वतःचा हिरवट वासही. काहींना तो घोट नकोसा होतो, आणि त्यांना मी दोष देणार नाही.

दुसरी गोष्ट मान्यतेची. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने (एफडीए) 2008 मध्ये आणि युरोपीय संघाने 2011 मध्ये हिरवा कंदील दाखवला तो शुद्ध केलेल्या अर्काला, पानाला नाही. अर्काची रोजची मर्यादाही ठरलेली आहे: वजनाच्या दर किलोमागे 4 मिलिग्रॅम, स्टीव्हिऑलच्या, म्हणजे या गोड घटकांच्या मुळाशी असलेल्या संयुगाच्या, हिशेबात. पानासाठी असा आकडा नाही. पॅराग्वे-ब्राझीलकडचे ग्वारानी लोक पिढ्यान्‌पिढ्या हे पान वापरत आले, एवढाच त्याचा दाखला. मला तो पुरला. तुम्हाला पुरेलच असं नाही.

इतकं असून पूड का सोडली? मापापायी.

अर्क साखरेच्या 200 ते 300 पट गोड. चमचाभर साखर म्हणजे 4 ग्रॅम धरली, तर तिच्या जागी पूड लागते जेमतेम 15-20 मिलिग्रॅम. हे चिमटीने कसं मोजायचं? माझी चिमूट सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरीच. बरं, हिची गोडी जिभेवर जरा उशिरा उमटते. म्हणून पहिल्या घोटाला वाटतं कमी पडली, आपण आणखी कणभर टाकतो, आणि तिसऱ्या घोटाला अख्खा कप घशाखाली उतरेनासा होतो. साखर जास्त झाली तर चहा नुसता गोड होतो. पूड जास्त झाली तर कडू होतो. डबीचं झाकण उघडताना पूड उडते ती वेगळीच. एकदा तासभर माझे ओठ गोड लागत होते, आणि नंतर पुसलेला चष्मासुद्धा.

यावर उपाय आहेत, नाही असं नाही. एरिथ्रिटॉल (साखरेसारखाच दिसणारा, जवळपास उष्मांक नसलेला दुसरा एक गोड पदार्थ) मिसळलेली पूड मिळते, ती चमच्याने मोजता येते. पण मग आपण चमच्यात मुख्यतः एरिथ्रिटॉलच घेत असतो. पूड पाण्यात विरघळवून ड्रॉपरने थेंब मोजणं जास्त शहाणपणाचं. मीही केलं. सातव्या थेंबाला कोणी हाक मारली की सात झाले की आठ, हा घोळ कायमचा. तुमच्याकडे चिकाटी असेल तर हा मार्ग खरंच चांगला आहे.

पानाचं तसं नाही. तीन पानं म्हणजे तीन पानं. साखरेच्या साधारण 10 ते 30 पटच गोड असल्याने एखादं जास्त पडलं तरी कप फुकट जात नाही. गोडी कमी-जास्त असते खरी, म्हणून मी एकदम बरीच पानं वाळवून, चुरून एकत्र करतो. मग ती खेप संपेपर्यंत अंदाज सहसा चुकत नाही. गार पेयात पान लवकर उतरत नाही. तिथे पुडीची डबी अजून बाहेर निघते.

केक किंवा मुरंब्याच्या वेळी दोन्ही बाजूला ठेवा. साखर तिथे फक्त गोडीला नसते; वजन, ओलावा, तांबूस रंग, टिकाऊपणा हे सगळं तिचं काम. यीस्टलाही स्टीव्हिया खाद्य म्हणून चालत नाही.

वजन उतरवण्यासाठीच हे सगळं करत असाल तर थोडं थांबा: जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये वजन नियंत्रणासाठी असे साखरेचे पर्याय वापरू नका असं सुचवलं, आणि त्या यादीत स्टीव्हियाही आहे. आधीपासून मधुमेह असलेल्यांना ती सूचना लागू नाही. त्यांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

पानाकडे वळलातच तर कुंडी लावा. बियांच्या नादी लागू नका, फार कमी रुजतात. फांदी लावली तर बरी जगते. आणि दिवस लहान व्हायला लागले की झाडावर लक्ष ठेवा. बारीक पांढऱ्या कळ्या दिसण्याआधी पानं खुडायची, कारण फुलं आली की गोडी उतरते. माझी पहिली खेप अशीच गेली, फुलं छान दिसतात म्हणून ठेवली होती.