धोरडोचं पांढरं रण: टेंटला 2 स्टार, मिठाला 5

डिसेंबरात बांद्र्याहून कच्छ एक्स्प्रेसने भुजला गेलो, तिथून धोरडो गावापर्यंत टेंटवाल्यांचीच गाडी, साधारण 80 किमी, वाटेत भिरंडियाराला थांबले तेव्हा मावा खाल्ला, तो चुकवू नका. टेंट ठीकठाक, गिझर दोन दिवसांत एकदाच चालला, रात्री अकरापर्यंत स्पीकर. चालायचंच. पण राग आला तो गाइडचा. "इथे समुद्र होता, सुकला, मीठ राहिलं" एवढं सांगून पठ्ठ्या सेल्फी पॉइंटकडे निघाला. मी म्हटलं अरे मग दरवर्षी नवीन मीठ येतं कुठून? तर म्हणे निसर्ग!

नीट सांगितलं ते खावड्याकडच्या ड्रायव्हर चाचांनी, आणि आम्ही भांडुपचे, हायवेवरून मिठागरं बघत मोठे झालेलो, त्यामुळे लगेच डोक्यात शिरलं. म्हणजे बघा, इथे अरबी समुद्राचा फाटाच होता, नद्यांनी हजारो वर्षं गाळ ओतला, भूकंपांनी जमीन उचलली आणि मागे राहिला तो ताटासारखा सपाट तळ, समुद्रापेक्षा जेमतेम वर. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा कोरी खाडीतून समुद्राचं पाणी आत ढकलतो, दुसरीकडून लूणी नदी आणि पावसाचं पाणी, उतार नाही म्हणून वाहून जात नाही आणि खाली चिकणमाती म्हणून फारसं मुरतही नाही, मग ऑक्टोबरपासून ऊन काय ते काम करतं, पाणी आटतं आणि मीठ मागे राहतं. आपल्या मिठागरात माणसं बांध घालून पाणी कोंडतात, इथे कोणी घालत नाही. उत्तरेला तर 16 जून 1819 च्या भूकंपात 80-90 किमी लांब जमीन उचलली गेली, सिंद्रीचा किल्ला पाण्यात बसला, आणि त्या आपोआप झालेल्या बांधाला लोकांनी नावच दिलं अल्लाबंद, म्हणजे अल्लाने घातलेला बांध. हे गाइडला सांगायला काय झालं होतं?

संध्याकाळी जाऊ नका, म्हणजे जा पण उंटगाड्या आणि गर्दीच बघाल. आम्ही दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला गेलो आणि सगळ्यांपासून लांब चालत सुटलो. मिठाच्या पापडीवर पाच-सहा कोनांचे चौथरे आखल्यासारखे, कडा बोटभर वर आलेल्या. टाच दाबली की कर्रकन मोडते, खाली राखाडी चिखल, आणि बघता बघता पावलाच्या ठशात पाणी भरतं. बायकोने कडेचा तुकडा चाटला, खारट कमी आणि कडवटच जास्त.

डिसेंबरात बरंच ओलं असतं, एकदम कोरडं पांढरं हवं असेल तर जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारी. पौर्णिमेला टेंटचे दर चढतात, त्यापेक्षा होडका गावाकडे भुंग्यात, म्हणजे तिथल्या मातीच्या गोल घरात राहा, आम्ही पुढच्या वेळी तेच करणार. आणि बूट जुने न्या. माझ्या काळ्या बुटांवरची पांढरी रेघ तीनदा धुतली, सुकले की परत वर येते.